अण्णांच्या डी८५० च्या जागी कोण? सोलापुरातल्या एका स्टुडिओची बॉडी निवड

प्रकरण नवी पेठेतल्या एका फोटो स्टुडिओचं आहे, जुन्या कॅमेऱ्याच्या जागी नवा निवडायचा होता. स्टुडिओचं नाव लिहीत नाही, मालकांना सगळे अण्णा म्हणतात तर आपणही अण्णाच म्हणू. कामं नेहमीचीच म्हणजे लग्न, साखरपुडा, मुंज, वास्तुशांत, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचं शूट जे अण्णा पैशासाठी करत नाहीत पण चुकवतही नाहीत. माझा संबंध एडिटिंगचा. अल्बम डिझाइन आणि व्हिडिओ कटिंग दोन्ही माझ्याकडं येतं, त्यामुळं कॅमेरा कुणी कसाही धरू दे, त्याचं फळ माझ्या मॉनिटरवर येतं.

टीम तीन जणांची. अण्णा स्वतः, वय पन्नाशीच्या पुढं, चष्मा, हात रुंद. त्यांचा भाचा व्हिडिओ बघतो. आणि पुतणी कँडिड म्हणजे पोज न देता टिपलेले फोटो करते, ती सगळ्यात जास्त वेळ उभी असते आणि मनगट तिचंच दुखतं. हे तिघांचं वर्णन आधीच सांगायचं कारण पुढं सगळा वाद इथूनच निघाला.

अण्णांकडं निकॉन डी८५० होता. २०१७ चा कॅमेरा, ४५.७ मेगापिक्सेल, एका चार्जवर १८४० फोटो हा कंपनीचा आकडा, आणि खरंच तो कॅमेरा मरत नाही. मग बदलायचा का? एक तर खाली जोडायची बॅटरी ग्रिप नसली तर सेकंदाला ७ फ्रेम. अंतरपाट खाली येतो त्या अर्ध्या सेकंदात नवरा-नवरी दोघांचे डोळे उघडे, मध्ये कुणाचा हात नाही, अशी फ्रेम तीन-चारात मिळेलच असं नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली लग्नात तर अजून अवघड, मुहूर्ताला दोघं एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात तेव्हा हात बरोबर चेहऱ्याच्या आडवे येतात. दुसरं म्हणजे मिरर-शटरचा खटखट आवाज, शांत विधीत भटजी मान वर करून बघतात. आणि तिसरं, भाच्याला व्हिडिओला डोळ्यावर टिकणारा फोकस पाहिजे होता, तो त्या बॉडीत (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) नाही.

यादीत कोण होतं

भाच्यानं यादी करून आणली. निकॉन झेड ८ (२०२३ चा), कॅनन आर५ मार्क टू (२०२४ चा), सोनी ए१ (२०२१ चा). त्याचा पुढचा ए१ टू बजेटच्या बाहेर होता, पण जुना ए१ सेकंडहँड चांगल्या कंडिशनमध्ये मिळत होता म्हणून तो धरला. नवे आले तेव्हा झेड ८ साडेतीन लाखांच्या आत, आर५ मार्क टू सव्वाचारच्या थोडा वर आणि ए१ साडेपाचच्या वर, नुसती बॉडी हं, लेन्स आणि कार्ड वेगळे.

निकॉन झेड ९ लगेच बाद झाला, बॅटरी-कार्डासकट १३४० ग्रॅम, पुतणी म्हणाली काका तो तुम्हीच उचला. सोनी ए९ थ्रीवर मात्र बराच वेळ गेला कारण त्याचा ग्लोबल शटर. सगळा सेन्सर एकदम वाचला जातो, स्टेजवरच्या एलईडीमुळं पडणारे आडवे पट्टे फोटोत येतच नाहीत. पण २४.६ मेगापिक्सेल, आणि अण्णा ग्रुप फोटोतून कापून अल्बमचं अख्खं पान करतात, माझ्यावर ते काम येतं म्हणून मीच नको म्हटलं. शिवाय पट्टे गेले तरी लाइट लुकलुकतच असतो, त्यामुळं एक फ्रेम उजळ आणि पुढची किंचित डाउन असं होऊ शकतं.

उरलेल्या तिघांचं कागदावर बघाल तर भांडायला काही नाही. ४५, ४५ आणि ५० मेगापिक्सेल. तिन्ही स्टॅक्ड, म्हणजे झटपट वाचले जाणारे सेन्सर. रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल) सेकंदाला निकॉन २० फ्रेम, बाकी दोघं ३०. तिन्हीत माणसाचा डोळा, प्राणी, पक्षी ओळखणारा फोकस. भाचा आकडे वाचून दाखवत होता, अण्णा म्हणाले, "आकडे तू बघ बे, मला धरून बघू दे." मग तिन्ही पुण्याहून भाड्यानं आणल्या, प्रत्येकीबरोबर त्याच कंपनीची २४-७० एफ २.८ लेन्स.

हातात घेतल्यावर

पहिला धक्का वजनाचा. सगळे म्हणतात झेड ८ जड, ९१० ग्रॅम, आणि बाकी दोन्ही साडेसातशेच्या आत. पण लेन्स लावून मोजा की राव. निकॉनची २४-७० ८०५ ग्रॅम, मिळून सतराशेच्या जरा वर. कॅननची आरएफ २४-७० ९०० ग्रॅम, बॉडी ७४६, म्हणजे साडेसोळाशेला आली. बॉडीत वाचवलेलं वजन लेन्सनं परत घेतलं, फरक उरला सत्तर ग्रॅमचा. सोनी एकटा खरा हलका, बॉडी ७३७ आणि त्यांची २४-७० जीएम टू ६९५, चौदाशे तीसच्या आसपास. पुतणीनं सोनी उचलला आणि तिचा चेहराच बदलला.

पण अण्णांच्या हातात ए१ गेला की करंगळी खाली हवेत. ग्रिपची उंची कमी आणि बोटं आणि लेन्सच्या मधली जागा पण कमी, ७०-२०० लावली की अण्णांच्या बोटांची टोकं लेन्सला घासायची. झेड ८ ला ग्रिप खोल आहे, अण्णांना तो डी८५० सारखाच वाटला. डावीकडं वर चार बटणांचा गठ्ठा तसाच, ऑन-ऑफ शटरभोवती तसाच, लेन्स बसवताना उलटी फिरवायची तीही तशीच (कॅनन-सोनीवाल्याला निकॉनची लेन्स दिली की पहिले दोन मिनिटं तो झगडतच असतो). कॅननचा ग्रिप मला स्वतःला तिघांत चांगला वाटला, हात भरतो पण थकत नाही, आणि मागचं मोठं चाक अंगठ्याखाली आपोआप येतं. जुन्या आर५ मध्ये ऑन-ऑफ डावीकडं होता, मार्क टूमध्ये उजवीकडं आणलाय, एका हातानं कॅमेरा चालू होतो. छोटी गोष्ट वाटते पण दुसऱ्या हातात फ्लॅश धरलेला असतो तेव्हा कळतं.

चष्म्याचं प्रकरण वेगळं. सोनीचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची छोटी स्क्रीन) ९४ लाख डॉट्सचा, कॅनन ५७ लाख, निकॉन जेमतेम ३७ लाख. भाचा त्यावरून निकॉनला चिडवत होता. अण्णांना विचारलं तर त्यांना निकॉनचा चालला, कारण बर्स्ट म्हणजे धडाधड सलग फोटो मारताना चित्र अजिबात तुटत नाही आणि त्यांना बारीक केस बघायचे नसतात, डोळा कधी उघडला ते बघायचं असतं. डिटेलमध्ये सोनी पुढं आहे यात वादच नाही.

कॅननचं आय कंट्रोल सगळ्यांनी हौसेनं करून बघितलं, म्हणजे तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये जिकडं बघाल तिकडं फोकस जातो. आधी आपल्या डोळ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. पुतणीला ते जादूसारखं चाललं. अण्णांचा चष्मा दुहेरी भिंगाचा, त्यांना ते कधी लागायचं कधी नाही, दोनदा तीनदा करून त्यांनी बंदच केलं.

नंदीध्वजांच्या गर्दीत

गड्डा यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी ज्यांनी गर्दी बघितलीय त्यांना सांगायला नको. सात नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, सगळीकडं पांढऱ्या बाराबंद्या, आणि कोपर हलवायला जागा नाही. फोटो उभाच घ्यावा लागतो कारण काठ्या उंच, आणि कॅमेरा डोक्यावर धरल्याशिवाय समोरच्यांची डोकीच येतात.

म्हणजे पाहिजे काय, तर कॅमेरा उभा, हात वर, आणि खालून स्क्रीन दिसली पाहिजे. ए१ ची स्क्रीन फक्त वर-खाली झुकते, कॅमेरा उभा केला की तिचा उपयोग संपला, अंदाजे मारायचं. कॅननची बाजूला उघडून कशीही फिरते, दिसतं सगळं, पण उघडी स्क्रीन बाजूला बाहेर येते आणि त्या गर्दीत शेजारच्याचा खांदा तिला लागायचा, पुतणीचा जीव वरखाली, भाड्याची वस्तू. झेड ८ ची स्क्रीन आडव्यालाही झुकते आणि उभ्यालाही, आणि बॉडीच्या मागंच राहते. या एका कामाला निकॉन सरळ जिंकला. सोनीनं ए१ टूमध्ये चारही बाजूंनी फिरणारी स्क्रीन दिली ती उगीच नाही.

पांढऱ्या बाराबंद्यांवर जानेवारीचं ऊन, म्हणजे एक्स्पोजर जरा वर गेला की कापडाची वीण गायब. इथं तिन्ही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडी डी८५० च्या पुढं, व्ह्यूफाइंडरमध्येच कळतं पांढरं कुठं फुटतंय. मी घरी रॉ उघडून बघितले, सावलीतून चेहरे वर काढायला तिन्ही सारख्याच. आंधळी चाचणी म्हणून भाच्याला बॉडीचं नाव झाकून फाइली दाखवल्या, त्याला ओळखता आल्या नाहीत, पण त्यानं ते मान्य केलं नाही.

रात्री होम मैदानावर दारूकामाला झेड ८ ची बटणं उजळतात हे अण्णांना एवढं आवडलं की दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला सांगत होते. बाकी दोघांत ते नाही. लाखांच्या बॉडीत बटणाखाली दिवा द्यायला काय जातं कोण जाणे.

एलईडी वॉल

आता खरं दुखणं. आपल्याकडं हॉल कुठलाही घ्या, होटगी रोडचा असो की जुळे सोलापूरचा, स्टेजमागं एलईडी वॉल असतेच, आणि नसली तर मंडपवाला पार लाइट म्हणजे स्टेजचे एलईडी दिवे लावतो. फोटोत आडवे काळे पट्टे. काढायला मला किती वेळ लागतो ते मलाच माहीत.

लोकांचा ठाम समज असा की मेकॅनिकल म्हणजे पडद्याचा शटर असला की पट्टे येत नाहीत, आणि झेड ८ ला मेकॅनिकल शटरच नाही, म्हणून लग्नाला झेड ८ नको. भाचा हेच धरून बसला होता. गोष्ट अशी आहे की पट्टे येतात कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो आणि तेवढ्या वेळात लाइट चालू-बंद होतो. वाचायला किती वेळ लागतो हा प्रश्न. साधारण मोजमापांनुसार झेड ८ ला १/२७० सेकंद, ए१ त्याच्या जवळपास, आर५ मार्क टूला १/१६० च्या आसपास. याचा पुरावा कंपनीच्या पानावरच असतो, इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश किती स्पीडला चालतो ते बघा, कॅनन १/१६०, सोनी १/२००, निकॉन १/२०० आणि फ्लॅशची ताकद थोडी सोडली तर १/२५०. आणि मेकॅनिकल शटरचे पडदे तरी काय लगेच पडतात का, त्यांनाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे या वेगाला आलेला स्टॅक्ड सेन्सर आणि मेकॅनिकल शटर यांच्यात पट्ट्यांच्या बाबतीत फार अंतर राहत नाही. पट्ट्यांचा खरा त्रास साध्या सेन्सरच्या बॉडीत सायलेंट शटर लावल्यावर होतो, तिथं वाचायलाच कितीतरी जास्त वेळ जातो.

रिसेप्शनच्या एका रात्री तिन्ही त्याच वॉलसमोर लावल्या. १/१००० ला तिन्हीत पट्टे, सोनीच्या मेकॅनिकलवरही पट्टे, फक्त जरा मऊ. भाचा गप्प. मग उपाय शोधायचा. साध्या ट्यूबलाइटला आपल्या ५० हर्ट्झमुळं दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, शटर १/१०० किंवा १/५० ठेवला की काम झालं. एलईडी वॉलचा लुकलुकाट त्यापेक्षा फार जास्त आणि प्रत्येक वॉलचा वेगळा. तिन्ही बॉडीत शटर स्पीड बारीक पायऱ्यांनी बदलायची सोय आहे, म्हणजे सरळ १/१२५ ऐवजी त्याच्या आगेमागे पॉइंटात. निकॉन आणि सोनीत व्ह्यूफाइंडरमध्ये पट्टे बघत चाक फिरवायचं, एका ठिकाणी ते विरतात. कॅनन स्वतः लाइट तपासून स्पीड सुचवतो, हे सगळ्यात सोपं. अण्णांनी निकॉनवर चाक फिरवून पट्टे घालवले तेव्हा म्हणाले रेडिओचं स्टेशन लावल्यासारखं आहे.

एक मात्र खरं की उन्हात फ्लॅश मारायचा असेल तर सोनीचा मेकॅनिकल शटर १/४०० ला फ्लॅशशी सिंक होतो म्हणजे जुळतो, हे बाकी दोघांना जमत नाही. सोनीवाल्यांनी मिरवावं अशी ही जागा आहे.

अंतरपाट आणि कार्ड

अंतरपाटासाठी तिन्हीत वेग भरपूर. शटर दाबायच्या आधीचे क्षण साठवायची सोय कॅननमध्ये रॉमध्ये मिळते, अर्ध्या सेकंदाचे. निकॉनमध्येही आहे पण जेपीजीत. जुन्या ए१ मध्ये नाही. पुतणीनं आर५ मार्क टूवर नवरीचा चेहराच नोंदवून ठेवला, दहा जणांची नोंद होते, मग करवल्यांच्या घोळक्यातही फोकस नवरीला सोडत नव्हता. बाशिंग आणि मुंडावळ्या डोळ्यापुढं लोंबत असतील तर मात्र तिन्ही अधूनमधून मोत्यांनाच धरतात, तिथं छोटा फोकस पॉइंट घेऊन बसवावा लागतो.

कार्डाकडं कुणी बघत नाही आणि पैसा तिथं जातो. लग्नाचं काम म्हणजे दोन कार्डांवर एकदम कॉपी, यात तडजोड नाही. झेड ८ आणि आर५ मार्क टूमध्ये एक वेगवान सीएफएक्सप्रेस बी कार्ड आणि एक एसडी. दोन्हीवर रॉ लिहायला लावलं की वेग एसडीचा राहतो, म्हणजे जास्तीत जास्त सेकंदाला ३१२ एमबी. ४५ मेगापिक्सेलची लॉसलेस रॉ पन्नास एमबीच्या आसपास धरा, २० फ्रेमची झाली हजार एमबी. गणित बसत नाही, बफर म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी भरते. म्हणून ठरलं की सीएफएक्सप्रेसवर रॉ आणि एसडीवर जेपीजी. सोनीत दोन्ही स्लॉट सारखे, सीएफएक्सप्रेस टाइप ए किंवा एसडी काहीही घाला, ही सोय मला फार आवडली. फक्त टाइप ए कार्ड घ्यायला गेलं की तेवढ्याच जीबीला खिसा जास्त हलका होतो.

झेड ८ ला बॅटरीचं रडगाणं आहे, कंपनीचाच आकडा साडेतीनशेच्या आत, अठराशे चाळीसवरून आलेल्या माणसाला ते पटणार कसं. प्रत्यक्षात बर्स्टमुळं बरेच जास्त निघतात. डी८५० च्या १५ए बॅटऱ्या चालतात, कमी पुरतात इतकंच, आणि कॅमेऱ्यातच वायरनं चार्ज होत नाहीत. जुन्या लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर चालल्या, पण अण्णांची जुनी ८५ आत मोटर नसलेली, बॉडीच्या स्क्रूवर चालणारी होती, तिला तिथं ऑटोफोकस नाही. ती अजून डी८५० वरच आहे.

ठरलं काय

माझं मत कॅननकडं होतं, सरळ सांगतो. कार्यप्रसंगासाठी तो तिघांत जास्त पूर्ण कॅमेरा आहे. पण कॅननच्या आरएफ माउंटला (लेन्स बसायची जागा) फुल फ्रेमच्या ऑटोफोकस लेन्स सिग्मा-टॅमरॉनच्या तेव्हा मिळत नव्हत्या, सगळं कॅननचंच घ्यायचं आणि अण्णांच्या जुन्या लेन्स मातीमोल. सोनीला लेन्सची चंगळ, पण करंगळी. अण्णांनी झेड ८ घेतला, बरोबर टॅमरॉनची ३५-१५० एफ २-२.८, जी निकॉनला मिळते. भाच्यासाठी व्हिडिओला सोनीची बॉडी पूर्वीसारखी भाड्यानंच. दोन कंपन्या झाल्या म्हणून माझं कलर मॅचिंगचं काम वाढलं, हळदीच्या कार्यक्रमाला तर विशेष, पिवळ्यात पिवळं जुळवत बसायचं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडायचा नाही, दोघांनी एकच केल्विन (रंगाच्या तापमानाचा आकडा) टाकायचा, एवढं एक वदवून घेतलंय.

मग मे आला. तिन्ही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये कॅमेरा वापरायची वरची मर्यादा ४० अंश लिहिलेली आहे, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी तेवढं सावलीत असतं. मंडपात पत्र्याखाली लांब व्हिडिओ करायचा तर आता ८के ला कुणी हात लावत नाही. ४के सुद्धा विधीपुरतं, मध्ये कॅमेरा बंद, स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवायची, आणि मेनूत तापमानाचं कटऑफ स्टँडर्डवरून हायवर. निकॉन-सोनी दोन्हीत ते आहे. फोटोला उन्हाचा असा त्रास जाणवला नाही.

एक गंमत राहिलीच. झेड ८ चा आवाज पूर्ण बंद केला तर घरातली म्हातारी माणसं पोज देऊन तशीच उभी राहायची, "काढला का? काढला का?" म्हणून विचारत. शेवटी अण्णांनी स्पीकरचा खोटा क्लिक चालू केला, ग्रुप फोटोला मोठा, विधीला बंद. झेड ८ ला यू१-यू२ सारखे डायलवरचे मोड नाहीत, सेटिंग साठवायच्या बँका आहेत, म्हणून वॉलचं सेटिंग, विधीचं आणि उन्हातलं अशा तीन बँका मी त्यांना भरून दिल्या आणि नावं मराठीतच एका चिठ्ठीवर लिहून बॅगेच्या झाकणात चिकटवली.

डी८५० सध्या दुसरी बॉडी म्हणून बॅगेत असतो. पुतणीसाठी दिवाळीनंतर बघायचं आहे, अण्णा म्हणतात अजून एक झेड ८ घेऊ, लेन्स वाटून वापरता येतील. ती म्हणते काका मनगट माझं आहे. सत्तर ग्रॅमसाठी कॅनन घेऊन फायदा नाही हे तिला आकड्यात दाखवलंय, तर आता ती आरएफ ७०-२०० चे १०७० ग्रॅम आणि निकॉनच्या ७०-२०० चे ट्रायपॉडच्या कॉलरसकट १४४० असा हिशोब घेऊन बसलीय, आणि त्यात ती बरोबर आहे.